शेजारच्या पॅरिशला हरवायचं : आयर्लंडच्या गेलिक फुटबॉल क्लबांमधून सात दिवस

गेलिक फुटबॉल म्हणजे हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा देशी खेळ. त्यातली खरी ईर्ष्या बघायची असेल तर आयर्लंडला ऑक्टोबरमध्ये जावं. जुलैअखेर डब्लिनच्या क्रोक पार्कवर कौंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) संघांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना होतो आणि टीव्हीवरचं मोठं फुटबॉल संपतं. कालपर्यंत एका जर्सीत खेळलेले खेळाडू मग आपापल्या गावच्या क्लबात परततात आणि एकमेकांसमोर उभे राहतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर कौंटीअंतर्गत क्लब स्पर्धा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रांतांच्या, जानेवारीत क्लबांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना, असं 2022 पासूनचं वेळापत्रक आहे. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी जवळजवळ प्रत्येक कौंटीत कुठली ना कुठली फायनल असतेच.

व्हिसाचं आधी बघा. या मार्गावर क्रॉसमॅग्लेन आहे आणि ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं. सीमेवर फाटक नाही, कुणी अडवत नाही. म्हणून व्हिसा लागत नाही असं समजणारे फसतात. भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेत एकाच अल्पमुदतीच्या व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. त्यासाठी व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं छापलेली हवीत आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरायला हवं. डब्लिनमध्ये नोकरीला असलेल्या मराठी मंडळींनी हे जास्त जपावं, कारण आयर्लंडचं रहिवासी कार्ड सीमेपलीकडे चालत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

पहिला दिवस, गुरुवार : डब्लिन

क्रोक पार्क ओ'कॉनेल स्ट्रीटपासून चालत वीसेक मिनिटांवर आहे. स्टेडियमची क्षमता 82,300. कुसॅक स्टँडखाली जीएएचं, म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचं संग्रहालय आहे. तिथे सॅम मॅग्वायर कपाची, म्हणजे अखिल आयर्लंड जिंकणाऱ्या कौंटी संघाला मिळणाऱ्या कपाची, मूळ प्रत ठेवलेली आहे. 1928 पासून दिला जाणारा हा कप 1988 मध्ये निवृत्त केला आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती तेव्हापासून फिरते आहे. समोरच्या होगन स्टँडचं नाव टिपरेरीच्या मायकेल होगनवरून आलं. 21 नोव्हेंबर 1920 ला याच मैदानावर डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, 14 जण गेले, आणि मैदानावर खेळणारा होगन त्यांतला एक होता. खेळाडूचं नाव स्टँडला देण्याची पद्धत जगभर आहे. इथे मात्र तो खेळाडू त्याच गवतावर मेला, हे आत शिरताना माहीत असलेलं बरं.

नियम आजच समजून घ्या, म्हणजे रविवारी मैदानाकडे बघता येईल, शेजाऱ्याला विचारत बसावं लागणार नाही. एका बाजूला 15 खेळाडू. मैदान 130 ते 145 मीटर लांब आणि 80 ते 90 मीटर रुंद, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉल मैदानापेक्षा बरंच मोठं. गोलचे खांब इंग्रजी ‘एच’सारखे : 6.5 मीटर अंतर, आडवी दांडी 2.5 मीटरवर. चेंडू दांडीखालून गेला तर गोल, 3 गुण. वरून गेला तर पॉइंट, 1 गुण. धावफलकावर गोल आणि पॉइंट वेगळे लिहितात. 2-11 म्हणजे दोन गोल, अकरा पॉइंट, एकूण 17. म्हणून 2-8 आणि 0-14 ही बरोबरी असते. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो.

चेंडू 480 ते 500 ग्रॅमचा. हातात घेऊन चार पावलं टाकता येतात, त्यानंतर तो एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांवर टाकून परत हातात घ्यायचा, ज्याला ‘सोलो’ म्हणतात. सलग दोनदा आपटायला मनाई. जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलता येत नाही, आधी बूट त्याखाली घालावा लागतो. चिखलात बऱ्याच फ्री-किक याच चुकीमुळे जातात : खेळाडू घाईत वाकतो, बूट पोचत नाही, हात पोचतो. 2025 पासून गोलपासून 40 मीटरवर कमान आखलेली असते आणि तिच्याबाहेरून मारलेला पॉइंट दोन गुणांचा धरतात. पांढऱ्या कोटातले अंपायर पॉइंटला पांढरा, गोलला हिरवा आणि दोन गुणांना केशरी झेंडा दाखवतात.

दुपारी डार्ट लोकलने दक्षिणेला डॉकी गाठावं. डॉकीचा क्लब कूला. तिथून काही किलोमीटरवर स्टिलऑर्गनमध्ये किलमकड क्रोक्स. ही शहरी चुरस आहे. दोन्ही क्लब प्रचंड, सभासद हजारांत, शनिवारी सकाळी चार-पाच वर्षांच्या पोरांची झुंबड. किलमकडने 2021, 2022 आणि 2023 अशी डब्लिनची सलग तीन जेतेपदं घेतली. 2024 च्या फायनलमध्ये कूलाने त्यांनाच हरवून आपलं पहिलं डब्लिन फुटबॉल जेतेपद मिळवलं आणि जानेवारी 2025 मध्ये थेट अखिल आयर्लंड क्लब कप घरी नेला.

किलमकडची दुसरी गोष्ट खेळ चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जानेवारी 2023 च्या अखिल आयर्लंड क्लब फायनलमध्ये शेवटच्या क्षणी डेरीच्या ग्लेन क्लबला 45 मीटरची किक मिळाली. त्याच वेळी किलमकडने बदली खेळाडू आत पाठवले, पण बाहेर जायचे ते वेळेत बाहेर गेलेच नाहीत. गोलसमोर पंधराहून जास्त माणसं उभी राहिली आणि किक वाया गेली. ग्लेनने तक्रार केली, पुन्हा सामना खेळवायचा आदेश निघाला, अपिलं झाली, आणि शेवटी ग्लेननेच माघार घेतली. कप किलमकडकडे राहिला. म्हणूनच बदलीची चिठ्ठी देणं आणि बाहेर जाणाऱ्याने रेषा ओलांडणं या दोन गोष्टींवर आता कडेला उभ्या असलेल्या माणसाची बारीक नजर असते. पुढच्याच जानेवारीत ग्लेन त्याच मैदानावर परतले आणि जिंकले.

इथे राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक सांगायला हवं. शाळेतून मुलं आपोआप या क्लबांत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभराचे कूल कॅम्प असतात आणि नवख्या मुलाने तिथूनच सुरुवात करणं उत्तम. तोंडात माउथगार्ड सक्तीचा आहे. तो नसेल तर पंच मुलाला खेळू देत नाही आणि घरी राहिलेल्या माउथगार्डपायी हिरमुसलेलं पोर बघणं वाईट.

दुसरा दिवस, शुक्रवार : क्रॉसमॅग्लेन

डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून बेलफास्टची गाडी पकडून न्यूरीला उतरायचं, तिथून बस. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, परतीची वेळ आधी टिपून ठेवा. गाडी भाड्याने घेतली तर सोपं, मात्र सीमेपलीकडे नेणार हे कंपनीला आधी सांगावं लागतं. सीमा ओलांडल्याची खूण एकच : वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत येतात. खिशात युरोबरोबर थोडे पाउंड असू द्यावेत.

गाव अगदी लहान. एक मोठा चौक, भोवती दुकानं, चर्च, मैदान. एवढ्या गावाने सहा वेळा अखिल आयर्लंड क्लब कप जिंकला आहे : 1997, 1999, 2000, 2007, 2011 आणि 2012. आणि 1996 ते 2008 अशी सलग तेरा वर्षं आर्मा कौंटीचं जेतेपद. तेरा वर्षांत सबंध संघ एकदा बदलतो. म्हणजे हे एका पिढीचं काम नाही.

ते कसं जमलं याचं उत्तर पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या वस्तीत आहे. गावाकडच्या जीएए क्लबची हद्द बहुतेक ठिकाणी चर्चच्या पॅरिशची हद्द असते. आपल्याकडच्या शिवेसारखीच, नकाशापेक्षा माणसांच्या डोक्यात पक्की. मूल ज्या पॅरिशमधलं, त्या क्लबचं. बदली हवी तर कौंटी समितीची परवानगी लागते आणि ‘तिकडचा संघ चांगला आहे’ हे कारण चालत नाही. खेळ हौशी आहे, पगार नाही, त्यामुळे पैसे टाकून बाहेरचा फॉरवर्ड आणता येत नाही. शेजारी जिंकले तर आपण त्यांच्यापेक्षा चांगली मुलं घडवायची, दुसरा मार्गच नाही. क्लबचा वारसा म्हणजे इथे आडनावं. आजच्या यादीतली आडनावं वीस वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून बघा, निम्मी तीच सापडतात.

जो कर्नन यांचं घर हे त्याचं ठळक उदाहरण. 1977 च्या अखिल आयर्लंड फायनलमध्ये त्यांनी आर्मासाठी दोन गोल केले, तरी डब्लिन जिंकलं. पुढे ते प्रशिक्षक झाले, क्रॉसमॅग्लेनला पहिले तीन कप मिळवून दिले, आणि 2002 मध्ये आर्मा कौंटीला तिच्या इतिहासातला पहिला सॅम मॅग्वायर. नंतरच्या क्रॉसमॅग्लेन संघांत त्यांचे मुलगे खेळले.

मैदानावर उभं राहून गावाच्या बाजूला नजर टाकावी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश लष्कराचा तळ या मैदानाला खेटून होता. क्लबच्या जागेचा तुकडा लष्कराने घेतला होता, हेलिकॉप्टर शेजारी उतरत. 1999 मध्ये लष्कराने ती जागा सोडायचं मान्य केलं. क्लबने तोपर्यंत मैदान हलवलं नाही, सामने थांबवले नाहीत. या क्लबबद्दल बाहेरच्यांना वाटणारा आदर कपांच्या संख्येपेक्षा या हट्टातून जास्त आला आहे, असं आम्हांला वाटतं. गावात कुणाशी याबद्दल बोलायचं झालं तर ऐकावं. आपली राजकीय मतं तिथे मांडायची नसतात.

तिसरा दिवस, शनिवार : थर्ल्स आणि पुढे

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कच्या गाडीने थर्ल्स सव्वा तासाच्या आसपास. लिबर्टी स्क्वेअरमधल्या हेज हॉटेलमध्ये 1 नोव्हेंबर 1884 ला जीएए स्थापन झाली. क्लेअरचे शिक्षक मायकेल कुसॅक, टिपरेरीचे अॅथलीट मॉरिस डेव्हिन आणि आणखी मोजकी माणसं. आश्रयदाते झाले आर्चबिशप थॉमस क्रोक. त्यांचं कॅथेड्रल याच गावात आहे आणि तिथे पाच मिनिटं नक्की जावं, कारण क्रोक पार्क त्यांच्याच नावाने ओळखलं जातं आणि परवा किलार्नीत भेटणारा डॉ. क्रोक्स क्लबही. बाकी थर्ल्स हर्लिंगचं, म्हणजे जीएएच्या काठी-चेंडूच्या खेळाचं गाव आहे, फुटबॉलचं नाही. दोन तास पुरतात. मग दुपारची गाडी धरून मॅलोला बदला आणि ट्रलीला संध्याकाळी उतरा.

चौथा दिवस, रविवार : ट्रली

एकच दिवस हातात असेल तर तो ट्रलीला द्यावा.

हे केरीचं मुख्य गाव. केरीकडे 39 अखिल आयर्लंड जेतेपदं आहेत, इतकी दुसऱ्या कुठल्याच कौंटीकडे नाहीत. आणि या एका गावात चालत फिरता येईल एवढ्या अंतरात तीन जुने क्लब आहेत : रॉक स्ट्रीटचा ऑस्टिन स्टॅक्स, स्ट्रँड रोडचा केरिन्स ओ'राहिलीज आणि बोहरबीचा जॉन मिचेल्स. पहिल्याला लोक ‘रॉकीज’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नॅरीज’. सकाळी न्याहारी करून हे तीन रस्ते पायी फिरा, तासाभरात होतात. स्पर्धेच्या दिवसांत खिडक्यांतून, खांबांवरून त्या त्या क्लबच्या रंगाचे झेंडे लागतात. रंग जिथे बदलतो तो कोपरा म्हणजे शीव. आपल्याकडे गणपतीत एका मंडळाच्या पताका संपून दुसऱ्याच्या सुरू होतात तसा.

तिन्ही नावं राजकारणातून आली आहेत. ऑस्टिन स्टॅक 1904 च्या केरी संघाचा कप्तान, पुढे स्वातंत्र्यलढ्यातला नेता. त्याचं नाव क्लबलाही आहे आणि रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या कौंटीच्या मैदानालाही. म्हणजे नॅरीज आणि मिचेल्सना आपली फायनल प्रतिस्पर्ध्याच्या नावाच्या मैदानावर खेळावी लागते. ‘केरिन्स’ म्हणजे 1944 मध्ये फाशी गेलेला आयरिश प्रजासत्ताकवादी नेता चार्ली केरिन्स.

ब्रिटनशी झालेल्या करारावरून 1922-23 मध्ये जी यादवी पेटली, तिच्यात केरीत फार वाईट घडलं. ट्रलीजवळ बॅलीसीडीला मार्च 1923 मध्ये कैद्यांना सुरुंगाला बांधून उडवलं गेलं, आठ जण मेले. त्या जखमा ओल्या असतानाच दोन खेळाडूंमध्ये एक समझोता झाला, त्याची आठवण केरीत आजही काढतात. बोहरबीचा जॉन जो शीही करारविरोधी पक्षाचा, पोलिसांना हवा असलेला. दुसऱ्या बाजूच्या सैन्यातला कॉन ब्रॉस्नन हा केरीचाच खेळाडू. ब्रॉस्ननने शब्द दिला की शीही सामन्याला येईल आणि सुखरूप परत जाईल. तो शब्द पाळला गेला. दोघे एका जर्सीत खेळले. स्टेशनजवळच्या ज्या रस्त्यावरून मैदानात शिरायचं त्याला जॉन जो शीहीचं नाव आहे.

आता सामन्याचा दिवस कसा काढायचा ते.

तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढावं, बहुतेक ठिकाणी गेटवर रोख पैसे घेत नाहीत. फोनची बॅटरी भरलेली ठेवा, तिकीट त्यातच असतं. मोठा सामना असेल तर सुरू व्हायच्या तासभर आधी आत जावं. आत शिरताच कार्यक्रमपत्रिका विकत घ्या. तिच्यात 1 ते 15 क्रमांकांनी संघ छापलेला असतो : 1 गोलकीपर, 2 ते 7 बचावफळी, 8 आणि 9 मध्यमैदान, 10 ते 15 आघाडी. पण छापील संघावर भरवसा ठेवू नये. सामना सुरू होण्याआधी लाउडस्पीकरवर बदल सांगतात, तेव्हा आजूबाजूचे सगळे एकदम पेन काढून पत्रिकेवर खुणा करू लागतात. आपणही करावी, नाहीतर 22 नंबरची जर्सी पहिल्या मिनिटापासून मैदानावर कशी, हे कळत नाही. खरा संघ गोटातच लपवून ठेवणं हा जुना डाव आहे.

छत्री नको. मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात ती टिकतही नाही. टोपीवालं रेनकोट-जॅकेट आणि जाड मोजे घ्या. मातीच्या उतारावर उभं राहायचं असेल तर खाच असलेल्या तळव्याचे बूट. शाकाहारी माणसाला मैदानावर चहा, चिप्स आणि चॉकलेट याशिवाय फार काही मिळत नाही, पोट भरून जावं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो, त्यानंतर पाचलाच अंधारतं. परतीची गाडी धरताना हा तास हमखास चुकतो.

क्लबचा सामना 60 मिनिटांचा असतो. नाणेफेकीकडे लक्ष द्या. ट्रलीत वारा अटलांटिकवरून येतो, आणि दोन गुणांचा नियम आल्यापासून वाऱ्याची किंमत दुप्पट झाली आहे. वारा पाठीशी असलेला संघ पहिल्या अर्ध्यात कमानीबाहेरून मारत राहतो. त्याने त्या वेळात पाच-सहा गुणांची आघाडी घेतली नाही तर जुने प्रेक्षक माना हलवतात, कारण दुसऱ्या अर्ध्यात तोच वारा समोरून येणार.

फ्री-किक मारणाऱ्याकडे बघत बसावं इतकी ती गोष्ट सुंदर आहे. तो चेंडू हातात फिरवतो, हवा भरायचं भोक असलेली बाजू शोधतो, ती एका ठराविक दिशेला ठेवतो. जर्सीच्या आतल्या कोरड्या बाजूने चामडं पुसतो. चेंडू जमिनीवर टेकवून मागे जातो, मोजून तितकीच पावलं, मग बाजूला दोन. एकदा खांबाकडे, एकदा चेंडूकडे. समोर गोलच्या मागे ज्या क्लबची माणसं असतात ती ओरडतात, आणि ही माणसं त्याच्या शाळेतली, त्याच्या गल्लीच्या पलीकडच्या रस्त्यावरची असतात. त्याचं नाव त्यांना माहीत असतं, बापाचंही. चेंडू ओला झाला की जड होतो आणि किक आखूड पडते. खांबापर्यंत जाणारी किक दांडीवर उतरते, तिथून गोलकीपरच्या हातात, आणि दोन पासमध्ये खेळ दुसऱ्या टोकाला. एका ओल्या चेंडूने सामने फिरतात.

2021 च्या केरी फायनलमध्ये रॉकीज आणि नॅरीज समोरासमोर आले. अर्धं गाव एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. स्टॅक्स जिंकले. पण केरीतली खरी मेख त्यापुढे आहे. कौंटी जेतेपद जिंकणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीचा केरीचा कप्तान नेमण्याचा मान मिळतो, ही इथली जुनी प्रथा. स्टॅक्सने जो ओ'कॉनरचं नाव दिलं. तो जखमी झाल्याने मैदानावर कप्तानी शॉन ओ'शेने केली आणि जुलै 2022 मध्ये सॅम मॅग्वायर दोघांनी मिळून उचलला. नॅरीजच्या माणसालाही त्या दिवशी टाळ्या वाजवाव्या लागल्या, कारण कप केरीचा होता. ही प्रथा चुकीची आहे, कप्तान प्रशिक्षकाने निवडावा, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं खेळाच्या हिशेबाने बरोबर असेल, पण क्लबला कौंटीशी बांधणारी इतकी घट्ट गाठ दुसरीकडे नाही.

पाचवा दिवस, सोमवार : किलार्नी

ट्रलीहून रेल्वेने अर्ध्या तासाहून थोडं जास्त. पर्यटक इथे तळी बघायला येतात. आपण स्टेशनवरून लुईस रोडला जायचं. तिथे फिट्झजेरल्ड स्टेडियम आहे, 1936 मध्ये उघडलं, आणि मागे डोंगरांची रांग इतकी जवळ की सामना विसरून बघत राहावं. शेजारीच डॉ. क्रोक्स, स्थापना 1886, अखिल आयर्लंड क्लब कप 1992 आणि 2017. गावातच किलार्नी लिजन आणि जवळ स्पा. 2007 ची अखिल आयर्लंड क्लब फायनल क्रॉसमॅग्लेनने डॉ. क्रोक्सविरुद्धच, बरोबरीनंतर पुन्हा खेळून जिंकली. शुक्रवारी पाहिलेलं गाव इथे अजून विसरलेलं नाही. 2024 चं केरी जेतेपद क्रोक्सने घेतलं, म्हणून 2025 मध्ये केरीचा कप्तान त्यांचा गॅव्हिन व्हाइट झाला आणि त्याने सॅम मॅग्वायर उचलला.

केरीत आणखी एक विशेष रचना आहे, ती समजली नाही तर निकाल वाचता येत नाहीत. लहान क्लब एकत्र येऊन विभागीय संघ करतात : ईस्ट केरी, मिड केरी, साउथ केरी वगैरे. डेव्हिड क्लिफर्ड हा आजचा मोठा खेळाडू. त्याचा क्लब फोसा, किलार्नीच्या पश्चिमेला तळ्याकाठचा छोटा पॅरिश. पण केरीच्या स्पर्धेत तो ईस्ट केरीकडून खेळतो. विभागीय संघ जिंकला तर त्याला मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेत जाता येत नाही, मग सर्वोत्तम सीनियर क्लबला पाठवतात. 2022 मध्ये ईस्ट केरी जिंकलं, म्हणून केरिन्स ओ'राहिलीज मन्स्टरला गेले आणि प्रांताचं जेतेपद घेऊन आले. कौंटीत न जिंकता प्रांतात जिंकले, म्हणून रॉक स्ट्रीट त्यांना अजून टोमणे मारतो. नॅरीजचं उत्तर साधं आहे : कप आमच्याकडे आहे.

याच ईस्ट केरीतले क्लब मोसमाच्या शेवटी आपसांत ओ'डोनोह्यू कपासाठी भांडतात. ऑक्टोबरमध्ये एका जर्सीत खेळलेले शेजारी नोव्हेंबर-डिसेंबरच्या चिखलात एकमेकांना भिडतात. जायला जमलं तर ते सामने सोडू नयेत, स्थानिक खुन्नस म्हणजे काय ते तिथे दिसतं.

सहावा दिवस, मंगळवार : कॉर्क शहर

मॅलोमार्गे कॉर्क. नीमो रेंजर्सचं ट्राबेग आणि सेंट फिनबार्सचं टोहर, ही दोन ठिकाणं शहरी बसने एका दिवसात होतात. नीमोकडे सात अखिल आयर्लंड क्लब कप आहेत, सगळ्यांत जास्त : 1973, 1979, 1982, 1984, 1989, 1994, 2003. शहराच्या दक्षिण भागातला हा क्लब, कोलाश्ता क्रीस्ट री या शाळेतून आलेल्या मुलांवर उभा राहिलेला. गोलकीपर बिली मॉर्गन हा त्याचा चेहरा. सेंट फिनबार्सचं, म्हणजे ‘बार्स’चं म्हणणं वेगळं. ते स्वतःचं स्थापनावर्ष 1876 सांगतात, म्हणजे जीएएच्याही आधीचं, आणि हर्लिंग व फुटबॉल दोन्हींतले अखिल आयर्लंड क्लब कप मिळवलेला पहिला क्लब तोच, जानेवारी 2025 मध्ये कूलाने बरोबरी करेपर्यंत एकटाच. जिमी बॅरी-मर्फीसारखा खेळाडू दोन्हींत जिंकला. कोण मोठा, हा वाद कॉर्कमध्ये मिटणारा नाही आणि मिटवायला जाऊ नये.

दिवसा क्लबवर गेलं तर मैदान बघू द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण गवतावर पाय ठेवण्याआधी विचारा. ऑक्टोबरमध्ये गोलसमोरचा भाग जपलेला असतो, तिथलं गवत गेलं की वसंतापर्यंत येत नाही. क्लबहाउसमध्ये आठवड्याच्या लॉटरीचं तिकीट मिळतं, ते घ्यावं. फ्लडलाइटचं बिल आणि मुलांचे चेंडू अशाच पैशांतून येतात.

सातवा दिवस, बुधवार : स्किबरीन आणि कॅसलहेवन

कॉर्कच्या बसस्थानकावरून 237 क्रमांकाची बस बँडन, क्लोनाकिल्टीवरून स्किबरीनला जाते. स्किबरीनचा क्लब ओ'डोनोव्हन रोसा, 1993 चा अखिल आयर्लंड क्लब विजेता. तिथून दक्षिणेला आठेक किलोमीटरवर समुद्राकाठचा कॅसलहेवन पॅरिश : कॅसलटाउनशेंड, युनियन हॉल, मासेमारीच्या होड्या, शेतं. तिकडे जायला टॅक्सी सांगावी, येतानाची वेळही त्यालाच सांगून ठेवावी.

कॅसलहेवनने कॉर्कचं पहिलं सीनियर जेतेपद 1989 मध्ये घेतलं, पुढे 1994, 2003, 2012, 2013, आणि 2023 व 2024 मध्ये लागोपाठ. शेवटच्या दोन्ही फायनल नीमोविरुद्ध. 2023 चा निकाल 0-11 विरुद्ध 0-9. एका ग्रामीण पॅरिशने शहरातल्या सात कप असलेल्या क्लबला दोनदा हरवलं. पॅरिशच्या नियमाला अपवादही इथलाच आहे : लॅरी टॉम्प्किन्स हा किल्डेअरचा, न्यूयॉर्कमार्गे इथे आला, कॅसलहेवनचा झाला, आणि 1990 मध्ये कॉर्कचा कप्तान म्हणून सॅम मॅग्वायर उचलला. बाहेरचा माणूस आपला कसा करायचा हे या पॅरिशला जमलं. स्किबरीनमध्ये आजही कुणीतरी म्हणतं, ‘त्यांच्याकडे टॉम्प्किन्स होता म्हणून.’

यात एक मेख आहे. कॅसलहेवनची मुलं माध्यमिक शाळेसाठी स्किबरीनलाच येतात. रविवारी ज्याला खांद्याने ढकलून चिखलात पाडलं, तो सोमवारी सकाळी वर्गात शेजारच्या बाकावर असतो, आणि बुधवारी दोघे शाळेच्या एकाच जर्सीत सरावाला उभे राहतात. बुधवारी दुपारी स्किबरीनमध्ये असाल तर शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर उभं राहून बघा : खांद्यावरच्या सरावाच्या पिशव्यांवर क्लबची चिन्हं दोन-तीन वेगवेगळी असतात, आणि पोरं मात्र एकाच घोळक्याने चाललेली असतात.